किनाऱ्याचे वारस

भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती, या प्रश्नाचे ७,५१६ किलोमीटर हे उत्तर शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केले. अलीकडे शासनाने हा आकडा बदलला असून नव्या मोजणीनुसार ही लांबी ११,०९८ किलोमीटर भरते. मधल्या काळात देशाला एवढा नवा किनारा लाभला असे नाही. पूर्वीचा नकाशा फार दुरून पाहणारा होता; खाड्यांची वळणे, नदीमुखांची आत शिरलेली बोटे, पुळणींचे बाक त्याच्या परिमाणात मावत नव्हते. परिमाण सूक्ष्म झाले आणि आधी नसलेला किनारा 'दिसू' लागला. भूगोलाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. नीतीचा विचार करणाऱ्याने मात्र येथे थोडे थांबावे. राज्यसंस्थेला किनाऱ्याचे जे दिसते ते तिच्या हातातल्या मोजपट्टीवर अवलंबून असते, आणि जे दिसत नाही ते नाहीच असे समजून धोरणे आखली जातात. किनारपट्टीच्या साधनसंपत्तीचा शाश्वत उपयोग व्हावा यासाठी गेल्या चार-पाच दशकांत आपल्या देशात जे धोरण घडत गेले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने करावयाचा आहे. धोरणाची कलमे तपासणे हा विधिज्ञांचा विषय होय. त्या कलमांच्या मुळाशी 'हे कोणाचे?' या प्रश्नाचे कोणते उत्तर गृहीत धरलेले आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या धोरणाचा आरंभ एका पत्रात आहे. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले, की भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखला जावा. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधाराने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील भाग व भरतीरेषेपासून जमिनीकडील पाचशे मीटरांचा पट्टा तिने नियमनाखाली आणला, किनाऱ्याचे चार वर्ग पाडले आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले दोनशे मीटर बांधकामाला वर्ज्य ठरविले. या अधिसूचनेतील उणिवा अनेकांनी दाखविल्या आहेत. परंतु तिच्यामागील नैतिक विधान साधे आणि मोठे होते: जेथे काही बांधता येते तेथेही बांधू नये, असे एक स्थान असू शकते. उपभोगाच्या क्षमतेला स्वेच्छेने मर्यादा घालणे, याला आपल्या परंपरेत संयम म्हणतात. राज्यसंस्थेने संयम हे मूल्य कायद्यात आणण्याचा केलेला हा एक प्रयत्न होता.

असा संयम समुद्राच्या बाबतीत मानवजातीला फार उशिरा सुचला. ह्यूगो ग्रोशियस या डच विधिज्ञाने १६०९ मध्ये समुद्र सर्वांना मुक्त आहे असा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्याच्या युक्तिवादाचा एक आधार असा होता, की समुद्राचा कोणी कितीही उपयोग केला तरी दुसऱ्याला तो कमी पडत नाही. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टी. एच. हक्स्ली यांच्यासारख्या थोर जीवशास्त्रज्ञानेही मोठ्या सागरी मासेमारीचे साठे बहुधा अक्षय्य असल्याचे मत दिले. या विश्वासाचा निकाल १९९२ मध्ये लागला. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर ज्या कॉड माशाच्या बळावर शतकानुशतके वस्त्या नांदल्या, तो इतका घटला की कॅनडाच्या सरकारला त्याची मासेमारी बंद करावी लागली. दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झालेली ती बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. जे अक्षय्य आहे त्याच्याविषयी कर्तव्य उत्पन्न होत नाही. उत्पन्न होते ते केवळ कुतूहल किंवा भक्ती. समुद्र संपू शकतो हे कळले त्या दिवशी तो प्रथमच नीतीच्या कक्षेत आला.

जे संपू शकते आणि ज्यावर कोणा एकाची मालकी नाही, त्याचे रक्षण कोणी करावे? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर जगभर गाजले. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवीत नेतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि हानी सर्वांत वाटलेली. म्हणून सामाईक वस्तूचा विनाश अटळ आहे, तो टाळायचा तर एक तर खाजगी मालकी आणावी किंवा शासनाचे नियंत्रण, असा या विवेचनाचा रोख होता. धोरणकर्त्यांना ही मांडणी सोयीची वाटली, कारण तिच्यात गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यांना गाव नाही, पंच नाहीत, लोकलाज नाही.

मराठी भाषेने येथे एक विवेक आपल्या हाती दिलेला आहे. आपण 'सामाईक' आणि 'बेवारस' हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नाही. दोन घरांमधली भिंत सामाईक असते, वाडीतली विहीर सामाईक असते. भिंत पडली तर ती कोणी उभारावी, विहिरीचा गाळ कोणी केव्हा काढावा, उन्हाळ्यात पाणी कोणाला किती, याचे संकेत असतात, आणि ते मोडणाऱ्याला बोल लावणारेही असतात. बेवारस वस्तूला यांतले काहीच नसते. ती ज्याच्या हाती लागली त्याची. हार्डिन यांनी ज्याला सामाईक कुरण म्हटले ते वस्तुतः बेवारस कुरण होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात निरनिराळ्या देशांतील उदाहरणे तपासून दाखविले, की नियम, देखरेख आणि दंड यांची स्वतःची व्यवस्था असलेले समाज सामाईक साधने दीर्घकाळ सांभाळू शकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा विद्वत्तेने एका जुन्या अनुभवाला मान्यता दिली एवढेच म्हणावयाचे.

हा अनुभव आपल्या किनाऱ्यांवर विपुल आहे. तामिळनाडू आणि आंध्र यांच्या सीमेवरील पुलिकत सरोवरात 'पाडू' नावाची पद्धत आहे. कोळंबीच्या मोक्याच्या जागा कोणा एका कुटुंबाच्या नाहीत. हक्कदार मच्छीमारांमध्ये चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने त्या वाटल्या जातात, म्हणजे चांगली जागा आज एकाला तर उद्या दुसऱ्याला. सिंधुदुर्गातील रापण ही अशीच एक सामुदायिक कृती आहे. किनाऱ्यावरून ओढायचे ते प्रचंड जाळे एकट्यादुकट्याच्या बळाने ओढले जात नाही, आणि म्हणून ज्यांचे हात दोराला लागले त्यांचा वाटा मिळकतीत ठरलेला असतो. उत्तर कोकणात डोल जाळ्यांच्या खुंटांच्या जागा परंपरेने ठरलेल्या असतात. त्या कागदावर नसल्या तरी गावोगावी ठाऊक असतात. या व्यवस्था आदर्श होत्या असे नव्हे. परंतु त्यांत समुद्र बेवारस नव्हता.

शासनाच्या मोजपट्टीला नेमके हेच दिसत नाही. महसुली दप्तरात जमिनीच्या तुकड्याला क्रमांक असतो, क्षेत्र असते, धारकाचे नाव असते. जेथे होड्या ओढून ठेवतात, जेथे जाळी पसरून विणतात, जेथे बोंबील सुकविण्याच्या वलांडी उभ्या असतात, त्या मोकळ्या जागेला असे नाव क्वचितच असते. वर्षानुवर्षांच्या वापराने ती भरलेली आहे. कागदावर मात्र ती रिकामी आहे. रिकाम्या जागेला भाव आला, की ती कोणाची हा प्रश्न कागदाला विचारला जातो, आणि कागद म्हणतो, सरकारची. २०११ च्या सुधारित अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा असे म्हटले, ही या अंधत्वाची उशिरा दिलेली कबुलीच होय. जे शहर उभे राहण्यापूर्वी होते, त्याचे अस्तित्व शहराच्या नकाशात नोंदवून घेण्यासाठी विसावे शतक संपून जावे लागले.

यातून मूळ प्रश्नाशी आपण येतो. किनारा सरकारचा आहे, याचा अर्थ काय? सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाच्या विधिसंहितेने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या आहेत असे म्हटले होते. डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीच्या पात्राशी संबंधित एका खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याच विचाराचा आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले: अशा साधनांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. त्याच महिन्यात किनाऱ्यावरील व्यापारी कोळंबीशेतीविषयीच्या निर्णयात न्यायालयाने नियमन क्षेत्रातील असे प्रकल्प हटविण्याचा आदेश दिला आणि पारंपरिक पद्धतींना त्यातून वगळले. पुढे २००५ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून या व्यवसायाची चौकट बदलली, हा इतिहास वेगळा. येथे महत्त्वाचा आहे तो 'विश्वस्त' हा शब्द. गांधीजींनी तो धनिकांसाठी वापरला होता. न्यायालयाने तो राज्यसंस्थेला लावला. मालकाने आपल्या वस्तूचे काय केले हे विचारण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नसतो. विश्वस्ताला मात्र हिशेब द्यावा लागतो, आणि तो ज्यांच्यासाठी वस्तू सांभाळतो त्यांना द्यावा लागतो. विश्वस्त उदार असून भागत नाही. तो उत्तरदायी असला पाहिजे.

या उत्तरदायित्वाची पहिली कसोटी म्हणजे, धोरण संयम कोणाकडून मागते. पश्चिम किनाऱ्यावर आज १ जून ते ३१ जुलै, आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी आहे. माशांच्या प्रजननकाळात समुद्राला उसंत मिळावी हा तिचा हेतू. कोकणातल्या कोळ्याला हा हेतू परका नाही. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा त्याचा वहिवाटीचा नियम. त्यात खवळलेल्या समुद्राचे भय होते, श्रद्धा होती, सोय होती, आणि या सर्वांच्या पोटी समुद्राला मिळणारी विश्रांतीही होती. महाराष्ट्राच्या बंदीचा शेवट एके काळी नारळी पौर्णिमेशी जोडलेला होता. आता देशाच्या संपूर्ण पश्चिम किनाऱ्याला एकच तारीख आहे, आणि नारळी पौर्णिमा बहुधा तिच्यानंतर येते. एका देशाला एक तारीख लागते हे समजण्यासारखे आहे. तरीही पंचांगातील तिथी आणि परिपत्रकातील दिनांक यांत एक फरक राहतोच. तिथी पाळणारा स्वतःला नियमाचा राखणदार समजतो. दिनांक पाळणारा राखणदारी दुसऱ्या कोणाची समजतो, आणि तो राखणदार पाहत नसेल तेव्हा काय करावे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की एकाचा संयम हा दुसऱ्याचा लाभ ठरू शकतो. गोव्यातील रांपणकारांनी सत्तरीच्या दशकात आणि केरळच्या मच्छीमारांनी ऐंशीच्या दशकात जे संघर्ष उभारले, त्यांचा गाभा हाच होता. किनाऱ्याजवळचे पाणी यांत्रिक ट्रॉलर खरवडून नेत असताना लहान होडीवाल्याने संयम पाळणे म्हणजे आपल्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात वाढणे. १९८० च्या आगेमागे किनारी राज्यांनी सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले, केरळने १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी लागू केली, महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर काळाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले, केंद्र शासनाने २०१७ मध्ये दिव्यांच्या झोताने मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीला मनाई केली. यांतील प्रत्येक पाऊल बव्हंशी लहान मच्छीमारांच्या गाऱ्हाण्यातून आलेले आहे, हे विसरता कामा नये. ज्यांना धोरणाचे लाभार्थी किंवा अडथळे समजले जाते, ते अनेकदा त्या धोरणाचे कर्ते असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण त्सुनामीनंतरच्या वर्षांतले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या लाटांनी किनाऱ्याचा प्रश्न देशापुढे नव्याने मांडला. १९९१ च्या अधिसूचनेऐवजी किनारा 'व्यवस्थापना'ची नवी चौकट आणणारा मसुदा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मच्छीमारांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि जुनीच अधिसूचना काटेकोरपणे अमलात आणा अशी मागणी केली. जुन्या अधिसूचनेचा जाच त्यांच्याही घरांना होता; तरीही त्यांना ती हवी होती, कारण तिची रेषा निदान सर्वांना सारखी होती. शासनाने तो मसुदा सोडून दिला आणि २०११ ची अधिसूचना आणली. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले: २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असेल तेथे बांधकामवर्ज्य पट्टा दोनशेऐवजी पन्नास मीटरांचा झाला. या बदलाच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. किनाऱ्यावरच्या माणसाचे कुटुंब वाढते, त्यालाही छप्पर लागते, आणि निसर्गाच्या रक्षणाचा सारा भार त्याच्याच भिंतींवर टाकणे अन्यायाचे आहे. प्रश्न इतकाच, की त्याच्या छपरासाठी उघडलेल्या दारातून आणखी कोण आत येणार. सवलत गरजेच्या नावाने मागितली आणि ऐपतीप्रमाणे वापरली गेली, तर तिचे नैतिक समर्थन उरत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो रास्त आहे. परंपरेचा असा गौरव करताना तिच्यातील अन्याय झाकला जात नाही काय? तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही १९५६ ची मल्याळम कादंबरी या संदर्भात आठवते. तिच्यातील किनाऱ्यावर समुद्र ही केवळ उपजीविका नाही; ती माता आहे, न्यायाधीशही आहे. दर्यावर गेलेल्या पुरुषाचे प्राण किनाऱ्यावरच्या पत्नीच्या शुचितेवर अवलंबून आहेत, ही तेथील श्रद्धा. या श्रद्धेत एक खोल जाणीव आहे, की जमिनीवरच्या आचरणाचा हिशेब समुद्रात चुकता होतो. आणि तिच्यातच एक क्रूर वाटणीही आहे, की तो हिशेब एकट्या स्त्रीच्या माथी मारला जातो. रूढीचे नियम समाजाला बांधून ठेवतात, पण बांधताना ते कोणाच्या गळ्याला फास लावतात हेही पाहावे लागते. जातीने जागा ठरते, बाजारात मासळी विकणाऱ्या स्त्रीला जाळ्याच्या वाटणीत बोलण्याचा अधिकार नसतो, आणि पैसा हाती आला की त्याच गावचा माणूस ट्रॉलर विकत घेतो. म्हणून राज्यसंस्थेची गरज संपत नाही. सामाईक वस्तूला संविधानही लागते. आपल्या संविधानाच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाने समाजाच्या भौतिक साधनांचे स्वामित्व आणि नियंत्रण सर्वांचे हित साधेल अशा रीतीने विभागावे असे सांगितले आहे. रूढीला हे तत्त्व शिकावे लागेल; आणि शासनाला रूढीकडून हे शिकावे लागेल, की नियम पाळणाऱ्यालाच तो घडविण्यात वाटा असावा.

विकासाचा पक्षही असाच समोरासमोर ठेवून पाहिला पाहिजे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. १९९६ मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. त्याच तालुक्यात वाढवण येथील महाबंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. देशाला खोल पाण्याची बंदरे लागतात, त्यातून रोजगार निर्माण होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. स्थानिक मच्छीमारांचा विरोधही तितकाच सर्वश्रुत आहे. एखाद्या निबंधाने अशा वादाचा निवाडा करू नये. तो निवाडा ज्या भाषेत होतो तिच्याकडे मात्र लक्ष वेधता येते. मच्छीमाराचे नुकसान 'भरपाई'च्या भाषेत बोलले जाते तेव्हा त्याला काहीतरी दिले जाते; ते 'हक्का'च्या भाषेत बोलले जाते तेव्हा त्याच्याकडून काहीतरी घेतले जात असल्याचे मान्य होते. रक्कम कदाचित तीच असेल. पण पहिल्या भाषेत तो याचक आहे, दुसऱ्या भाषेत वारस. वनांत राहणाऱ्यांच्या बाबतीत हा भाषापालट २००६ च्या वनहक्क कायद्याने झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हा कागद नसतानाही हक्क असू शकतो, हे त्या कायद्याने तत्त्वतः स्वीकारले. समुद्रावर जगणाऱ्यांसाठी तशा तोडीचा कायदा अद्याप झालेला नाही.

'बेवारस' हा शब्द पुन्हा एकदा पाहू. त्याचा अर्थ मालक नसलेले असा नाही. वारस नसलेले असा आहे. व्यवहारात आपण हे दोन अर्थ एक करून टाकतो, आणि धोरणातील बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. किनाऱ्याला मालक नाही, असू नये. पण त्याला वारस आहेत. त्यांपैकी काही आज जाळी विणीत बसलेले आहेत, काही मासळीच्या टोपल्या घेऊन पहाटे स्थानकावर उभे आहेत, आणि बहुसंख्य अद्याप जन्मलेले नाहीत. 'शाश्वत' या शब्दाला अर्थ येतो तो या शेवटच्यांमुळे. परंतु जे जन्मलेले नाहीत त्यांना दाद मागता येत नाही, त्यांच्या वतीने कोणाला तरी उभे राहावे लागते. आज ज्यांचे जगणे भरती-ओहोटीशी बांधलेले आहे, ज्यांना मासा संपला तर दुसरीकडे गुंतवणूक हलविता येत नाही, ते या न जन्मलेल्यांचे सर्वांत विश्वासार्ह प्रतिनिधी होत. त्यांच्या अंगी अधिक सद्गुण असतात म्हणून हे घडते असे नाही. त्यांचे हित आणि भविष्याचे हित एकाच खुंटाला बांधलेले आहे, म्हणून घडते. जे धोरण भावी पिढ्यांचे नाव घेऊन विद्यमान वारसांना किनाऱ्यावरून उठविते, ते भावी पिढ्यांचा साक्षीदारच नाहीसा करते.

मोजपट्टी सूक्ष्म केल्यावर देशाचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक वाढला. तीच सूक्ष्मता माणसांच्या बाबतीत वापरायचे ठरविले, तर वलांडी, खुंट, पाळीच्या चिठ्ठ्या, दोराला लागलेले हात असे कितीतरी त्या किनाऱ्यावर दिसू लागेल. त्यांची नोंद करणे हे किनाऱ्याच्या विश्वस्ताचे पहिले काम आहे. रेषा कोठे आखावयाची, हे त्यानंतरचे.